सुभेदार मल्हारराव होळकर : मिळविले किती, उरले काय

जेजुरीच्या गडावर खंडोबाच्या दर्शनास गेलेला भाविक पायऱ्या चढतो, वाटेवरच्या दीपमाळा पाहतो, भंडारा उधळतो आणि दर्शन झाल्यावर गडावरच्या दगडी ओवऱ्यांत घटकाभर टेकतो. या गडावरील दगडी कामात होळकर घराण्याचा मोठा वाटा आहे. १७४२ च्या सुमारास सुभेदार मल्हारराव होळकरांनी हाती घेतलेले बांधकाम त्यांच्या पश्चात १७७० साली तुकोजीराव होळकरांच्या वेळी पुरे झाले. ओवरीत टेकलेल्या भाविकाला देवाचे नाव माहीत असते. पण ज्याच्या पैशातून ही सावली उभी राहिली तो पुरुष लहानपणी पोरका झाला होता, मामाच्या दारी वाढला होता आणि मेंढरांमागे काठी घेऊन हिंडला होता, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

आपल्या गावच्या खंडोबाच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या व देणगीदारांच्या साहाय्याने तडीस गेला आहे. या मंगल प्रसंगी, ज्याचे नावच मल्हारी मार्तंडाचे आहे अशा या पुरुषाचे चरित्र थोडक्यात देणे उचित होईल. गरिबीतून वर येऊन संपत्ती मिळविणारे पुष्कळ असतात. ती संपत्ती कशी मिळाली, तिचा हिशेब कसा ठेवला गेला आणि मिळविणारा गेल्यावर तिचे काय झाले, या तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे त्या माणसाचे खरे मोल कळते. मल्हाररावांच्या चरित्रात या तिन्ही गोष्टी पाहावयास मिळतात.

होळचा पोर, तळोद्याचा भाचा

पुणे जिल्ह्यात नीरा नदीच्या काठी होळ नावाचे गाव आहे. या गावी धनगर समाजातील खंडोजी यांच्या पोटी १६ मार्च १६९३ रोजी मल्हाररावांचा जन्म झाला. होळचे राहणारे म्हणून ते होळकर. त्या काळी औरंगजेब बादशहा दक्षिणेत ठाण मांडून बसला होता. मुलूख फौजांच्या घोड्यांखाली तुडविला जात होता. अशा धामधुमीत मल्हारराव अगदी लहान असतानाच खंडोजी निवर्तले. पदरी लहान मूल, पाठीशी कर्ता पुरुष नाही आणि भाऊबंदांशी पटत नाही, अशा अवस्थेत त्या माउलीने मुलाला घेऊन माहेरची वाट धरली.

माहेर जवळ नव्हते. सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या खोऱ्यात खानदेशातील तळोदे हे ते गाव होय. होळहून तळोद्यास जायचे म्हणजे दोनशे मैलांहून अधिक वाट तुडवावी लागे. तेथे मल्हाररावांचे मामा भोजराज बारगळ राहत असत. मामांनी बहिणीला व भाच्याला आसरा दिला. मुलाकडे मेंढरे राखण्याचे काम आले.

मल्हारराव झाडाखाली झोपले असता नागाने फणा उभारून त्यांच्या तोंडावर सावली धरली आणि ते पाहून हा मुलगा पुढे मोठा होणार असे घरच्यांनी ताडले, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. थोर पुरुषांच्या बाबतीत अशा कथा निघतातच. पण नागाच्या फणीपेक्षा मेंढरांनीच या मुलाला अधिक दिले असे म्हटल्यास वावगे होणार नाही. मेंढपाळाला पाण्याचे ठिकाण ठाऊक असावे लागते. उतार कोठे, घाट कोठे, रात्रीच्या मुक्कामाला निर्धास्त जागा कोणती, आभाळ कधी फिरणार, हे त्याला कोणी पुस्तकात शिकवीत नाही. शेकडो जितराबे एकही न गमावता परमुलखातून नेणे आणि परत आणणे ही लहान विद्या नव्हे. पुढे हजारो घोडेस्वार घेऊन मल्हारराव नर्मदा उतरले, चंबळ उतरले, यमुना उतरले, तेव्हा हीच विद्या त्यांच्या कामी आली असणार.

पहिली चाकरी आणि पहिले निशाण

भोजराज बारगळ हे सरदार कदम बांडे यांच्या पदरी काही स्वार बाळगून होते. भाच्याच्या अंगची चुणूक पाहून मामांनी त्याला मेंढरांमागून काढून घोड्यावर बसविले. मल्हाररावांनी बांडे यांच्या पथकात शिलेदारी केली. मामांनी आपली कन्या गौतमाबाई त्यांना दिली. ज्या घरात पोरका म्हणून पाऊल टाकले त्याच घरचे ते जावई झाले.

या काळातील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. मल्हारराव पुढे पेशव्यांच्या चाकरीत गेले आणि स्वतःचे पथक बाळगू लागले, तेव्हा त्यांनी निशाण स्वीकारले ते कदम बांड्यांचे, तांबड्या व पांढऱ्या पट्ट्यांचे तिकोनी निशाण. पुढे होळकरांचा दर्जा बांड्यांच्या कितीतरी वर गेला. तरीही ते निशाण बदलले नाही. पहिली भाकरी ज्याच्या दारी मिळाली त्याची आठवण प्रत्येक लढाईत डोक्यावर फडकत राहिली. वर चढलेली माणसे पुष्कळदा खालची पायरी विसरतात. मल्हारराव विसरले नाहीत.

पेशव्यांच्या चाकरीत

१७२० साली थोरले बाजीराव पेशवे झाले. त्यांना घराण्याचा मोठेपणा सांगणारे सरदार नको होते, घोडा पळविणारी माणसे हवी होती. पुढल्याच वर्षाच्या सुमारास मल्हारराव त्यांच्या चाकरीत आले आणि १७२५ पर्यंत पाचशे स्वारांचे पथक त्यांच्या हाताखाली होते.

१७२८ च्या फेब्रुवारीत पालखेड येथे बाजीरावांनी निजामास कोंडीत पकडले. निजामाजवळ भारी तोफखाना होता. समोरासमोर भिडण्यात शहाणपण नव्हते. मराठी फौजेने त्याला दूरवर फिरविले, त्याची रसद तोडली, पाणी तोडले. रसद मारण्याच्या या कामात मल्हाररावांनी नाव मिळविले. निजामास मुंगी-शेवगावचा तह करावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबर अखेरीस चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली माळव्यात अमझेरा येथे लढाई झाली आणि बादशाही सुभेदार गिरिधर बहादूर मारला गेला. माळव्याचा दरवाजा उघडला. राणोजी शिंदे, उदाजी पवार आणि मल्हारराव होळकर या तिघांच्या पथकांनी माळव्यात पाय रोवले. पुढील काही वर्षांत पश्चिम माळव्यातील परगणे मल्हाररावांकडे आले आणि ते सुभेदार म्हणविले जाऊ लागले.

यानंतर जवळजवळ प्रत्येक मोठ्या मोहिमेत मल्हाररावांचे नाव आढळते. १७३७ साली बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकले. त्याच मोहिमेत यमुना ओलांडून अंतर्वेदीत शिरलेल्या मल्हाररावांना सादतखानाकडून मार खावा लागला, हेही नमूद केले पाहिजे. पुढे भोपाळ येथे निजाम पुन्हा कोंडला गेला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांपासून वसईचा किल्ला घेतला, त्या वेढ्यातही मल्हारराव होते. १७४१ साली बादशहाने माळव्याचा कारभार पेशव्यांकडे सोपविल्याचे फर्मान दिले. १७५८ साली रघुनाथरावांसमवेत मल्हारराव पंजाबात लाहोरपर्यंत गेले. नीरेकाठच्या पोराने लाहोर पाहिले.

पैशाच्या बाबतीत त्यांचा हात सढळ होता. इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानचा जो वृत्तांत लिहिला त्यात असे नोंदविले आहे की, एखाद्या शिपायाचे शौर्य पाहून मल्हारराव खूश झाले म्हणजे त्याची ढाल रुपयांनी भरून देण्याचा हुकूम करीत. ज्याने लहानपणी पैसा पाहिला नाही असा माणूस एक तर मूठ आवळून धरतो किंवा मोकळी सोडतो. मल्हारराव दुसऱ्या जातीचे होते.

दौलत आणि खासगी

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण या चरित्राचे मर्म तीत आहे. सुभेदारास जे परगणे मिळत ते त्याच्या मालकीचे नसत. तो सरंजाम असे. परगण्याचा वसूल गोळा करावा, त्यातून अमुक इतके स्वार बाळगावे, मोहिमेचा खर्च भागवावा, पेशव्यांचा भरणा करावा, असा त्याचा नेम होता. कागदावर लाखो रुपयांचा वसूल दिसे आणि मोहिमेहून परतल्यावर शिपायांचा पगार थकलेला असे. पुष्कळ सरदार मरताना कर्ज ठेवून गेले ते याच कारणाने. अंगावर भरजरी शेला आणि पाठीमागे सावकाराचा तगादा, ही त्या काळच्या सरदारीची दुसरी बाजू होती.

१७३४ साली बाजीराव पेशव्यांनी होळकरांना एक वेगळी सनद दिली. काही महाल व गावे गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर म्हणून तोडून देण्यात आली. हिलाच होळकरांची खासगी म्हणतात. दौलतीचा पैसा फौजेचा व राज्यकारभाराचा. खासगीचा पैसा घरच्या बाईचा. दोन्हींचे उत्पन्न निराळे, कारभारी निराळे, हिशेब निराळे. दौलतीस तोटा आला म्हणून खासगीत हात घालायचा नाही आणि खासगीचा खर्च दौलतीवर टाकायचा नाही, अशी ही व्यवस्था होती.

स्वतः सुभेदार वर्षातून बहुतेक काळ घोड्यावर असत. तेव्हा ही खासगी बाईच्या नावे झाली यात मोठे शहाणपण होते. लढाईत गेलेला पैसा परत येत नाही. घरी जपलेला पैसा पिढ्या तारून नेतो. मामाच्या ज्या मुलीने मल्हाररावांचे मेंढपाळपण पाहिले होते, तिच्याच नावे घराण्याची ही वेगळी पुंजी साठू लागली.

पुत्रशोक आणि सून

मल्हाररावांना खंडेराव नावाचा पुत्र होता. त्याच्यासाठी त्यांनी सून आणली ती चोंडी गावच्या माणकोजी शिंदे यांची कन्या अहिल्या. चोंडी हे गाव आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. मल्हाररावांनी सून पाहताना घराण्याचा डौल पाहिला नाही, खेड्यातल्या साध्या घरची मुलगी पाहिली. त्या काळी मुलीला लिहावयास शिकविण्याचा प्रघात नव्हता. अहिल्याबाई मात्र लिहू-वाचू शकत होत्या. होळकरांच्या घरी आल्यावर सासूबाईंच्या देखरेखीखाली त्यांना घरच्या कारभाराचे आणि सासऱ्यांच्या विश्वासाने दौलतीच्या कारभाराचे वळण मिळाले.

मार्च १७५४ मध्ये जाटांच्या कुंभेर किल्ल्यास वेढा पडलेला असताना तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. साठी ओलांडलेल्या बापाच्या डोळ्यांदेखत एकुलता एक मुलगा गेला. संतापाच्या भरात मल्हाररावांनी कुंभेरची माती यमुनेत टाकण्याची प्रतिज्ञा केली असे सांगतात. ती प्रतिज्ञा सिद्धीस गेली नाही. पण त्याच दिवसांत त्यांच्या हातून जे एक काम झाले ते कोणत्याही किल्ल्याहून मोठे ठरले. अहिल्याबाई सती जाण्यास सिद्ध झाल्या होत्या. वृद्ध सासऱ्याने पदर पसरून त्यांना मागे फिरविले. सुनेला त्यांनी पुत्राच्या जागी मानले. त्या काळची रूढी, लोकांची बोलणी आणि स्वतःचा शोक, हे सर्व बाजूस ठेवून केलेला हा निर्णय होता. त्या चितेवर त्या दिवशी अहिल्याबाई गेल्या असत्या तर पुढे हिंदुस्थानभर उभे राहिलेले घाट, विहिरी आणि देवळे कोठून आली असती?

यानंतर मल्हारराव मोहिमेवर असताना अहिल्याबाईंना पत्रे लिहीत. त्या पत्रांत ख्यालीखुशालीपेक्षा कामेच अधिक असत. १७६५ सालच्या त्यांच्या पत्रांत ग्वाल्हेरकडे जाण्याविषयी, तोफखान्याविषयी व दारूगोळ्याच्या तरतुदीविषयी सूचना आढळतात. अठराव्या शतकात एका विधवा सुनेकडे तोफखान्याची जबाबदारी सोपविणारा सासरा विरळाच.

उणे बाजू

चरित्र म्हणजे केवळ आरती नव्हे. जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूही मांडली तरच हिशेब जुळतो. मल्हाररावांच्या खात्यावर उणे बाजूही आहे.

जयपूरच्या गादीसाठी ईश्वरीसिंह व माधोसिंह या भावांत तंटा लागला, तेव्हा मल्हाररावांनी पैशाच्या करारावर माधोसिंहाची बाजू घेतली. थकलेल्या रकमेसाठी १७५० च्या अखेरीस मराठी फौजा जयपुरावर आल्या आणि ईश्वरीसिंहाने विष घेऊन प्राण दिला. पुढल्याच महिन्यात जयपूर शहरात गेलेल्या मराठ्यांची कत्तल झाली. ज्या रजपुतांशी मैत्री हवी होती त्यांच्या मनात कायमची अढी बसली. वसुलीच्या तगाद्याने मिळालेला पैसा किती महाग पडतो याचे हे उदाहरण होय.

१७५७ साली दिल्लीत नजीबखान रोहिला हाती सापडला असता मल्हाररावांनी रदबदली करून त्यास सोडविले. त्याच नजीबाने पुढे अहमदशहा अब्दालीशी हातमिळवणी केली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचा घात झाला. मल्हारराव त्या रणातून आपले पथक घेऊन बाहेर पडले. समोरासमोरच्या लढाईस त्यांचा मुळातच विरोध होता आणि गनिमी काव्यानेच लढावे असा त्यांचा सल्ला होता, हे खरे. तरी ते रणातून निघाले याचा दोष त्यांना तेव्हाही दिला गेला आणि इतिहासकारांत त्याविषयी आजही एकमत नाही. तीस वर्षे प्रत्येक मोहिमेत पुढे असलेल्या या माणसाच्या नावावर पानिपताचा डाग राहिला तो राहिलाच.

एक मात्र खरे की पानिपतानंतर ते हातपाय गाळून बसले नाहीत. ज्या माधोसिंहाला त्यांनी गादीवर बसविले होते त्याच्याच फौजेचा त्याच वर्षी नोव्हेंबरात मांगरोळजवळ त्यांनी पराभव केला आणि उत्तरेत मराठ्यांचा दरारा टिकून असल्याचे दाखविले. १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत तरुण माधवराव पेशव्यांच्या बाजूने ते उभे राहिले. १७६५ साली कोऱ्याजवळ इंग्रजांच्या कवायती पलटणीपुढे त्यांना हटावे लागले. तेव्हा त्यांचे वय बहात्तर होते आणि अजून ते घोड्यावर होते.

अखेर

पानिपताच्याच वर्षी, १७६१ साली, गौतमाबाई निवर्तल्या. तळोद्याच्या दिवसांची सोबतीण गेली. खासगी जहागीर अहिल्याबाईंकडे आली. २० मे १७६६ रोजी आजच्या मध्य प्रदेशातील भिंड जिल्ह्यात आलमपूर येथे सुभेदार मल्हाररावांनी देह ठेवला. आलमपूरला अहिल्याबाईंनी त्यांची छत्री बांधली.

मरतेवेळी मल्हाररावांचा हिशेब कोणी मांडला असता तर तो कसा दिसला असता? होळ गावातून आईच्या बोटाला धरून निघालेल्या पोराच्या मागे माळव्याचा मोठा मुलूख होता, हजारोंची फौज होती. पण पुत्र नव्हता. नातू मालेराव गादीवर आला आणि वर्षाच्या आतच, १७६७ साली, तोही गेला. पुरुष वारस कोणी उरला नाही. ज्या दौलतीसाठी पन्नास वर्षे घोड्यावर काढली ती दौलत जप्त व्हावी असे डावपेच सुरू झाले. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड याने रघुनाथराव दादांना फौजेसह बोलाविले. तेव्हा जी उभी राहिली ती चितेवरून परत आणलेली सून. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. माधवराव पेशव्यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. फौजेचे काम त्यांनी तुकोजीराव होळकरांकडे सोपविले आणि महेश्वरास राहून १७९५ पर्यंत राज्याचा कारभार स्वतः पाहिला.

खासगीचे काय झाले

अहिल्याबाईंनी खासगीच्या पैशावर तुळशीपत्र ठेवले, असे लोक सांगतात. म्हणजे तो पैसा देवाचा व लोकांचा झाला. रघुनाथरावांनी त्या पैशाची मागणी केली तेव्हा, दान म्हणून हवे असेल तर संकल्प सोडून देते, असे त्यांनी कळविल्याची कथाही प्रसिद्ध आहे. कथा खरी असो वा लोकांनी रचलेली असो, पैसा कोठे गेला हे मात्र दगडांत लिहिलेले आहे.

काशी विश्वनाथाचे मंदिर औरंगजेबाच्या हुकमाने १६६९ साली पाडले गेले होते. ते पुन्हा उभारावे असे १७४२ साली मल्हाररावांच्या मनात आले होते. पण त्या वेळची राजकीय स्थिती पाहून काशीतील ब्राह्मणच भयभीत झाले आणि ते राहून गेले. जे तलवारीच्या जोरावर जमले नाही ते सुनेने खासगीच्या पैशातून, शेजारच्या जागेवर, शांतपणे केले. आज ज्या विश्वनाथाचे दर्शन आपण घेतो ते मंदिर १७८० साली उभे राहिले. सोमनाथ येथे १७८३ साली, गयेस विष्णुपद, वेरूळला घृष्णेश्वर, महेश्वरास नर्मदेचे घाट, अशी ही यादी मोठी आहे. त्याखेरीज यात्रेच्या वाटेवर विहिरी, बारवा, धर्मशाळा आणि अन्नछत्रे झाली. ज्या गावांवर होळकरांची सत्ता नव्हती अशा गावांतही हे काम झाले, ही विशेष गोष्ट होय. महेश्वरला त्यांनी विणकरांना आसरा दिला. तेथील लुगडी आजही नावाजली जातात.

जेजुरीतही त्यांनी सासूसासऱ्यांचे स्मरण ठेवले. तेथील मल्हार गौतमेश्वराच्या मंदिरात मल्हारराव व गौतमाबाई या दोघांची नावे देवाच्या नावात एकत्र गुंफलेली आहेत. तळोद्याच्या बारगळांची मुलगी आणि तिच्या बापाची मेंढरे राखणारा पोरका भाचा, यांचे नाव आता कोणी वेगळे करू शकत नाही.

खासगीची गोष्ट अहिल्याबाईंबरोबर संपली नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. दौलत गेली. पण खासगीतील देवस्थाने, घाट व धर्मशाळा यांची व्यवस्था पाहण्यासाठी १९६२ साली विश्वस्त निधी स्थापन झाला. पुढे त्यातील मालमत्तेच्या विक्रीविषयी वाद उत्पन्न झाला, न्यायालयात दावे चालले आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने या निधीस सार्वजनिक न्यासाचा कायदा लागू होतो असा निर्णय दिला. म्हणजे सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी बाईंनी ज्या पैशावर तुळशीपत्र ठेवले, त्याचा हिशेब आजही चोख द्यावा लागतो. देवाच्या कामासाठी बाजूस काढलेल्या पैशाला मालक नसतो. त्याला फक्त राखणदार असतात.

चरित्राचा बोध

मल्हाररावांच्या फौजा आता नाहीत. त्यांनी जिंकलेले किल्ले कोणाकोणाच्या हातांतून गेले. ज्या रकमेसाठी जयपुरावर चाल झाली ती कधीच खर्ची पडली आणि तिची आठवण कोणी प्रेमाने काढीत नाही. मिळविलेल्यापैकी उरले ते काय? एक निशाण, जे त्यांनी कृतज्ञतेने बदलले नाही. एक सून, जिला त्यांनी जगविले व शिकविले. आणि एक वेगळी काढून ठेवलेली पुंजी, जी तिच्या हातून लोकांच्या कामी आली.

आपल्या गावातूनही किती तरी मुले पोटासाठी मुंबईस, पुण्यास आणि त्याही पलीकडे गेली. कोणी गिरणीत राबला, कोणी हमाली केली, कोणी टपरी टाकली आणि हळूहळू चांगल्या स्थितीस पोहोचला. या मंदिराच्या दगडांत त्यांच्या घामाचा पैसा आहे. ज्यांना पैसा देणे शक्य नव्हते त्यांनी डोक्यावरून वाळू वाहिली, पाणी भरले, स्वयंपाकाला हात लावला. देवाच्या वहीत या दोन्ही जमेच्याच बाबी आहेत. हजारो देणाऱ्याचे नाव पाटीवर मोठ्या अक्षरांत असेल आणि अकरा रुपये देणाऱ्या म्हाताऱ्या बाईचे नाव शेवटी असेल, परंतु मल्हारीच्या दारी अकरा रुपयांचे वजन कमी भरत नाही. तो मेंढपाळांचा देव आहे. कोणी कशातून काय दिले हे त्याला बरोबर कळते.

आता जबाबदारी आहे ती राखणदारांची. मंदिर बांधणे एका पिढीचे काम असते, ते सांभाळणे पुढील सर्व पिढ्यांचे. गौतमाबाईंनी जपले आणि अहिल्याबाईंनी लावले, म्हणून मल्हाररावांचे मिळविणे सार्थकी लागले. आपल्या देवस्थानाचा जमाखर्चही तसाच स्वच्छ राहो, गावातील एकही पोरके मूल आसऱ्यावाचून आणि शाळेवाचून न राहो, आणि या गावच्या रानात आज मेंढरे राखणाऱ्या पोरांनाही उद्या आपल्या कष्टाने वर येण्याचे व वर आल्यावर खालची पायरी न विसरण्याचे बळ मिळो, हीच श्रीमल्हारी मार्तंडाच्या चरणी प्रार्थना.

॥ जय मल्हार ॥